धाकटीचं येसर, थोरलीच्या पोटातली आग

ताई, मी औसा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. नाव छापू नका. दहावी झाली अन् लग्न होऊन या घरात आले, त्याला सतरा वर्षं झाली. धाकटी जाऊ सहा वर्षांपूर्वी आली. बी.ए. झालेली, बोलण्यात चपळ, चार माणसांत न बुजणारी. गावातल्या बचत गटात गेली आणि तीन वर्षांत तिनं येसर (डाळी-धान्य, मसाले भाजून दळलेलं आमटीचं पीठ), काळा मसाला, शेवया असा धंदा उभा केला. लातूरला, पुण्याला माल जातो. त्यातल्या येसराचं प्रमाण माझं आहे, माझ्या आईकडून आलेलं. भाजायला अजून मीच बसते, कारण तिला अंदाज येत नाही. पाकिटावर नाव तिचं, पैसे तिच्या खात्यावर.

मागच्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात पाहुणे होते. मी आंबील वाढत होते. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "धाकटीनं घर वर काढलं बघा. थोरली आपली भाकरी बडवती." कुणी काही बोललं नाही. आमचे हेसुद्धा गप्प.

तेव्हापासून माझं मन बिघडलं. गावातल्या एका बाईला मी सांगितलं की धाकटीच्या येसरात खवट खोबरं असतं. ते खोटं आहे, खोबरं मीच निवडते. पावसाळ्यात पुण्याहून वीस किलो माल परत आला, गोळे झाले म्हणून. मला बरं वाटलं. रात्री मग भीती वाटली, माझ्याच नजरेनं झालं असेल का? तिनं मालाच्या खोलीच्या दारावर काळी बाहुली टांगलीय. त्या दारातून जाताना वाटतं, ती माझ्यासाठीच आहे. नीट झोप लागत नाही.

माझी लेक दहावीला आहे. इंग्रजी काकूकडं शिकते, रात्री तिथंच झोपते. परवा समानार्थी शब्द मोठ्यानं पाठ करत होती: मत्सर, हेवा, असूया, द्वेष. मला वाटलं, ही माझ्याबद्दलच बोलायली. तिनं विचारलं, "आई, सगळ्यांचा अर्थ एकच असतो का?" मला उत्तर आलं नाही. ताई, यातलं मला काय झालंय? मी वाईट बाई आहे का? धाकटी मला अक्का म्हणते. कधी वाकडं बोलली नाही.

---

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, त्याच्यावाचून तुमचं पुढच्यात लक्ष लागणार नाही. तुम्ही वाईट बाई नाही. तुमच्या हातून एक वाईट काम झालंय, ते खोबऱ्याचं. आणि तुमच्यावर एक अन्याय होतोय. तो तुम्हाला स्वतःलाच अन्याय वाटत नाही, कारण त्यालाही तुम्ही मत्सरच म्हणून टाकलंय. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त हेच लागलं. म्हणून आधी लेकीच्या प्रश्नाकडं जाते. तिनं फार चांगला प्रश्न विचारलाय, आणि तुमची सुटका बरीचशी त्याच्या उत्तरात आहे.

लेकीला सांगा, परीक्षेत मार्क मिळण्यापुरता त्या शब्दांचा अर्थ एक आहे. एका छपराखाली माणसांसोबत राहायचं असेल तर नाही.

हेवा हा त्यातला सगळ्यात साधा शब्द. "तुझा हेवा वाटतो गं," असं आपण मैत्रिणीच्या तोंडावर म्हणतो आणि ती हसते. "मला तुझा मत्सर वाटतो," असं कुणी कुणाला तोंडावर सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. हेवा कबूल करता येतो, मत्सर लपवावा लागतो. कारण हेव्यात मनात असतं, हे मलाही मिळावं. मत्सरात असतं, हे तिच्याकडं राहू नये, मग मला नाही मिळालं तरी चालेल. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू आपण लहानपणापासून घोकतो. त्या सहांत मत्सर आहे, हेवा नाही, हेही लेकीच्या लक्षात आणून द्या. धाकटी बँकेतून येऊन पासबुक कपाटात ठेवते, ते बघून तुमच्या मनात कधी काही हललं असेल, तर तो हेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सतरा वर्षं राबलेल्या बाईला आपल्या नावचं पासबुक हवंसं वाटणारच.

माल परत आला तेव्हा जे बरं वाटलं, तो मात्र मत्सर. त्याला दुसरं नाव देऊन मी तुमची समजूत काढणार नाही. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापून घेणं म्हणतात ते हेच. त्या वीस किलोत तुमच्या भाजणीचे तास होते, तुम्ही एकेक करून निवडलेलं खोबरं होतं, आणि गेलेले पैसे तुमच्याच घरातले होते. तरी तेवढ्या क्षणापुरतं बरं वाटलं.

पण ते वाटलं, तुम्ही ते केलं नाही. आपण बोलतो कसं ते बघा. हेवा बहुतेक वेळा 'वाटतो'. द्वेष आपण 'करतो'. मत्सर दोन्हीकडं जातो, वाटतोही आणि करताही येतो. राग, भूक, झोप यांच्यासारखं जे आपोआप येतं त्याचा जाब कुणी कुणाला विचारत नाही. आल्यावर आपण काय केलं, एवढंच विचारता येतं. माल आला त्या दिवशी तुम्ही काही केलं नाही. बरं वाटलं आणि रात्री त्याच गोष्टीनं जीव घाबरा झाला. द्वेष करणाऱ्या माणसाला रात्री अशी भीती वाटत नाही. तो दिवस उजाडायची वाट बघतो, पुढचा माल कधी परत येईल म्हणून. आपल्याकडं 'पाण्यात पाहणं' म्हणतात, 'डूख धरणं' म्हणतात, तिथवर तुम्ही गेलेल्या नाही. तुमच्या पत्राची शेवटची ओळ, 'कधी वाकडं बोलली नाही', ही डूख धरलेल्या बाईची नव्हे.

यादीत नसलेला एक शब्द लेकीला मुद्दाम सांगा, ईर्षा. शब्दकोशात ती मत्सराच्या शेजारीच बसते, पण मराठी माणसानं तिला कामाला लावलंय. "ईर्षेनं अभ्यास केला", "ईर्षेनं पळाला", असं आपण कौतुकानं म्हणतो. हिंदीतल्या ईर्ष्येला हा मान नाही. दुसऱ्याचं पाहून जे पेटतं त्यानं स्वतःचं काम पुढं नेलं, की आपण त्याला दोष देत नाही. दहावीच्या मुलीला ही गोष्ट आत्ताच कळलेली बरी. लातूरला शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या घराघरांत ही आग पेटलेली असते, आणि तिच्यानं पोरगं पुढंही जातं, करपतंही.

आता असूया. या शब्दावर मी थोडी थांबणार आहे, कारण तुमची खरी चूक इथं आहे.

जुन्या व्याकरणकारांनी या भावनांची फोड फार बारकाईनं केलीय. पाणिनीच्या एका सूत्रात क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया ही चारही नावं एका ओळीत येतात. त्यावर पुढं लिहिणाऱ्यांनी प्रत्येकाचा अर्थ वेगळा दिला. द्रोह म्हणजे अपकार करणं. ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचं सहन न होणं. आणि असूया म्हणजे गुणांत दोष काढणं. हा अर्थ पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो फार खोल गेलेला वाटला. असूया करणारा समोरच्याच्या दोषावर बोट ठेवत नाही. त्याला जे चांगलं दिसतं, तेच तो खराब आहे म्हणून सांगतो.

तुम्ही नेमकं काय बोललात ते बघा. धाकटीचा हिशेब चुकतो, पाकीट नीट बंद होत नाही, ती भाव जास्त लावते, यातलं काहीही बोलता आलं असतं. तुम्ही खोबरं धरलंत. त्या येसरातली सगळ्यात निर्दोष गोष्ट, तुम्ही स्वतः पारखून घेतलेली. म्हणजे खोटं तुम्ही तिच्याविषयी बोललात आणि डाग स्वतःच्या हाताच्या कामाला लावलात. ज्या बाईनं ते ऐकलं ती आता तुमच्या आईच्या प्रमाणाला नावं ठेवत असेल.

माहूर तुम्हाला माहीत असेल, कदाचित जाऊनही आला असाल. रेणुकामातेच्या दर्शनाला गेलेली माणसं पुढं दत्तशिखरावर जातात आणि अनसूयेच्याही. अन् असूया, म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती. आपल्या भागात किती बायकांचं नाव अनुसया आहे! हाक मारताना त्या नावात काय आहे याचा विचार कुणी करत नाही. तिची कथा सुरू होते ती मात्र दुसऱ्यांच्या मत्सरापासून. तिच्या पातिव्रत्याचं नाव तिन्ही लोकी झालं, ते सरस्वती, लक्ष्मी, पार्वती यांना बघवलं नाही. त्यांनी आपल्या नवऱ्यांना तिचं सत्त्व बघायला पाठवलं. अनसूयेनं तिघांची बाळं केली, आणि देवींना तिच्या दारात येऊन आपले नवरे परत मागावे लागले. ही कथा सांगणाऱ्यांनी देवींनाही मत्सरातून सोडलं नाही. आणि त्या आल्यावर अनसूयेनं त्यांना टोमणा मारला नाही, बाळं परत दिली. तुमच्या घरात आज कोण अनसूया आणि कोण देवी हे मी ठरवणार नाही. एवढंच म्हणेन, की जिथं प्रत्यक्ष देवींना हे झालं तिथं औसा तालुक्यातल्या बाईनं झोप घालवू नये. त्या दारात गेल्या, हे लक्षात ठेवावं.

आता तुम्ही विचाराल, धाकटीचंच का जळतं? लातुरात मोठमोठ्या बंगल्यांत राहणाऱ्या बायका आहेत, त्यांचं काही वाटत नाही. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं, की माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्या माणसांशी तुलना करून, फार लांबच्यांशी नाही. आपल्याकडं ही गोष्ट 'भाऊबंदकी' या एका शब्दात कधीचीच आहे. वैर दूरच्याशी होत नाही, ज्याच्या बांधाला आपला बांध लागतो त्याच्याशी होतं. जावा जावांचं तर सगळंच लागून असतं. सासू तीच, चूल तीच, सण तेच. त्यात एक वर गेली, की दुसरी आपोआप खाली गेल्यासारखी दिसते, जरी ती आपल्या जागेवरून हललेलीही नसली तरी.

आणि कुणीतरी ते बोलून दाखवावं लागतं. कैकेयीची गोष्ट लोक विसरतात. रामाला राज्याभिषेक होणार हे ऐकून ती आधी आनंदली होती, मंथरेला दागिना काढून दिला होता. रामाचं सुख तिच्या डोळ्यांत सलत नव्हतं. मंथरेनं तुलना करून दाखवली, कौसल्येची तू दासी होशील म्हणाली, तेव्हा सगळं फिरलं. तुमचं पत्र मी परत परत वाचलं. येळवशीच्या आधी तुम्ही येसर भाजत होता, पाकिटावर तिचं नाव होतं, पैसे तिच्या खात्यावर जात होते. तरी तुम्ही तिच्याबद्दल वाईट बोलल्याचं कुठं लिहिलेलं नाही. बिघडलं ते एका वाक्यानं. सासूबाई मंथरा आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना सुनेचं कौतुक करायचं होतं, आणि एकीला उचलायचं तर दुसरीला खाली ठेवायचं, ही आपल्या घराघरांतली फार जुनी खोड आहे. पण पाहुण्यांसमोर ते वाक्य बोललं गेलं, ते खोटं होतं, आणि सतरा वर्षांच्या संसाराचा साथीदार ते ऐकून गप्प बसला. तो अपमान होता. त्याला अपमानच म्हणा.

नजरेचं लगेच सांगून टाकते. वीस किलो येसर तुमच्या नजरेनं खराब झालं नाही. तुम्ही रोज भाजता, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हरभऱ्याची डाळ गुलाबी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात धने करपून काळे होतात, म्हणून तुम्ही प्रत्येक जिन्नस वेगळा भाजता. त्या आचेत धान्यातलं पाणी उडून जातं, आणि कोरडं झालेलं पीठ मिळेल तिथून ओल ओढून घेतं. दळण कोमट असताना पाकीट बंद केलं, तर आत वाफ धरते आणि गोळे होतात. पाकीट पातळ असलं किंवा त्याचा चिकटवलेला काठ कुठं सुटला, तर पावसाळी हवा तेच करते. खोबरं खवट होणं ही वेगळीच गोष्ट, तिथं तेल बिघडतं आणि वास येतो. पुण्याच्या गिऱ्हाइकानं गोळ्यांची तक्रार केली, वासाची नाही. म्हणजे दोष पाकिटात किंवा घाईत आहे, आणि तो कसा काढायचा हे त्या घरात तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. भाजणी परातीत पसरून पूर्ण गार करा, पावसाळ्यात दळल्या दिवशी पाकिटं भरू नका, जाड पाकीट मागवायला सांगा. काळी बाहुली दारावर राहू द्या. नव्या धंद्याच्या दारात बाहुली, दुकानात लिंबू-मिरची, बाळाच्या गालाला तीट, हे आपल्याकडं कुणा एका माणसाकडं बोट दाखवून करत नाहीत.

लेकीचं दुखणं मात्र मी या सगळ्यापासून वेगळं ठेवते. धाकटीचा हेवा वाटतो तेव्हा तुम्ही दोघीच असता. तिच्याकडं आहे, तुमच्याकडं नाही. लेकीच्या बाबतीत तिघी आहेत, आणि भीती आहे ती जे आपलं आहे तेच निघून जाण्याची. मराठीत याला 'सवतीमत्सर' हा शब्द आहे, पण तो नवऱ्यापुरता. आईच्या पोटात लेकीसाठी जे होतं त्याला आपल्याकडं वेगळं नाव नाही, सगळं मत्सराच्याच खाती जातं. पंधरा वर्षांची मुलगी आईपासून थोडी लांब जाते. काकू नसती तर मैत्रीण असती. ती काकूकडं झोपते म्हणून तिला ओरडू नका, आणि "माझ्यापेक्षा काकूच बरी" असं तर चुकूनही बोलू नका. ते वाक्य पोरं जन्मभर विसरत नाहीत. तिला एखाद्या रविवारी चुलीपुढं बसवा आणि येसराचं प्रमाण शिकवा. तुमच्या आईकडून तुमच्याकडं आलं तसं ते तिच्याकडं जाऊ द्या. काकूच्या इंग्रजीनं त्याची जागा जात नाही.

आता अन्यायाकडं येते.

येसराचं प्रमाण तुमचं. निवडणं, भाजणं तुमचं. विकून आलेल्या पैशात तुमचा वाटा काय? तुमच्या पत्रात याबद्दल एक ओळही नाही. दुसऱ्या कुणाला भाजायला ठेवलं असतं तर तिला मजुरी द्यावी लागली असती. घरच्या बाईचं काम कुठल्या वहीत चढत नाही, म्हणून तिला वाटतं आपण मागणं म्हणजे जळणं. ताई, जे आपलं आहे ते मागणं म्हणजे मत्सर नव्हे. मत्सर दुसऱ्याच्या हक्काच्या गोष्टीवर जळतो. तुम्ही स्वतःच्या कष्टाबद्दल बोलत आहात. आपल्या घरांत बायकांच्या कितीतरी साध्या मागण्या "जळते मेली" या दोन शब्दांत गाडल्या जातात, आणि ऐकून ऐकून बायकाही ते खरं धरतात. मला याचा फार राग येतो.

पण धाकटीच्या बाजूनंही बघा. बचत गटात बहुतेक ठिकाणी एका घरातून एकच बाई घेतात. तुमचं नाव गटात नाही, त्यात तिचा डाव असेलच असं नाही. लेबल करताना गटातल्या बाईचं नाव घातलं गेलं असेल आणि पुढं कुणी विचारच केला नसेल. शिवाय भाजणी तुमची असली तरी पुण्याचं गिऱ्हाईक तिनं मिळवलंय. पार्सलं, हिशेब, उधारीचे फोन, प्रदर्शनात दिवसभर उभं राहून चाखायला देणं, हे सगळं तिचं आहे. तुमच्या पत्रात तिच्या या कामाला 'बोलण्यात चपळ' एवढीच जागा मिळालीय. तुमचं काम तिच्या पाकिटावर दिसत नाही, तिचं काम तुमच्या पत्रात दिसत नाही.

करायचं काय ते सांगते, आणि क्रम बदलू नका.

आधी त्या बाईकडं जा, जिला खोबऱ्याचं सांगितलंत. एकट्या जा. म्हणा, "मी येसराच्या खोबऱ्याचं बोलले ते खरं नव्हतं. माझं मन ठिकाणावर नव्हतं. खोबरं मी स्वतः निवडते." एवढंच. सासूबाई काय बोलल्या, धाकटी कशी वागते, ते काही सांगत बसू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी गावाला दुसरी गोष्ट मिळेल.

मग धाकटीला सांगा. यावर बऱ्याच जणी मला म्हणतील, कशाला उकरून काढायचं? माझं मत वेगळं आहे. गावात एका बाईला सांगितलेली गोष्ट तिच्या कानावर कधीतरी जाणारच. दुसरीच्या तोंडून गेली तर ती तुमचं कुठलंच बोलणं परत खरं मानणार नाही. तुमच्या तोंडून गेली तर तिला दुखेल, ती दोन दिवस बोलणार नाही, पण तुम्हाला ती अक्का म्हणते, तो शब्द तिला सोडायचा नसेल तर ऐकून घेईल. माफी मागताना येळवशीचं वाक्य मध्ये आणू नका. कारण सांगितलं की माफी भांडणासारखी ऐकू येते. आणि त्याच बैठकीत पैशाचं तर मुळीच काढू नका. तिला वाटेल माफी मागून सौदा करायली.

पैशाचं नंतर, आठ-पंधरा दिवसांनी, भाजणीच्या दिवशी दोघीच असताना काढा. सासूबाईंसमोर नको, आणि भावाभावांना आधी मध्ये घालू नका. जावांचं बोलणं भावांकडं गेलं की येसराची गोष्ट वाटणीवर जाते. तुमचं म्हणणं सरळ ठेवा: "येसर माझ्या हातचं आहे. पाकिटावर तुझ्या नावासोबत माझंही नाव पाहिजे, आणि भाजणीचे पैसे मला पाहिजेत." किलोमागं मजुरी ठरवा किंवा येसराच्या नफ्यात वाटा ठरवा. मला मजुरी बरी वाटते, सुरुवातीला तरी, कारण नफ्याचा हिशेब दरवेळी वादाचा होतो. ठरलं की वहीत लिहून ठेवा. गटात दर बैठकीला वही लिहिण्याची सवय तिला आहे, तिला ते अपमानाचं वाटणार नाही. पैसे हातात घेऊ नका, तुमच्या नावच्या खात्यावर घ्या. खातं नसेल तर आधी ते उघडा.

सासूबाईंशी तुम्ही बोलायची गरज नाही. ते काम तुमच्या मालकांचं आहे. येळवशीला ते गप्प बसले, त्यांनी आता आईला एकदा सांगावं की येसर थोरलीच्या हातचं आहे. हे त्यांना तुम्ही स्पष्ट सांगा, रुसून नको. पुरुषांना अशा वेळी खरंच कळत नाही असं मी मानत नाही, पण बोललं नाही तरी चालून जातं ही सवय त्यांना आपणच लावतो.

हेवा यानंतरही येईल. तिच्या नावचा फोन येईल, एखाद्या वर्षी तिला कुठंतरी बक्षीस मिळेल, लेक तिचं उदाहरण देईल, आणि पोटात परत कालवाकालव होईल. आला तर येऊ द्या. त्या दिवशी कुणाशी तिच्याबद्दल बोलू नका, एवढा एकच नियम पाळा. रात्रीची झोप पुढंही अशीच जात राहिली, जेवण जाईना, सारखं मरगळल्यासारखं वाटलं, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि धाकटीनं नाही म्हटलं तर? शक्यता कमी वाटते, पण म्हटलं तर भाजणी थांबवा. भांडून नको, आधी सांगून, हातातली ऑर्डर पूर्ण करून. प्रमाण तुमच्याजवळ आहे, लातूरच्या बाजारात येसराला गिऱ्हाईक आहे, वेगळ्या नावानं तुम्हाला करता येईल. फक्त तिच्या गिऱ्हाइकाला तिच्या मालाबद्दल एक शब्द बोलू नका. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे सगळं बोलून घ्या. एकदा भट्टी पेटली की दोघींना बसून बोलायला दोन महिने वेळ मिळणार नाही.